‘मानमोडीत गेली’ या दोन शब्दांपलीकडे

वाचकाचे पत्र, थोडक्यात : नागपूरच्या एका वाचक भगिनींनी हे पत्र लिहिले आहे. त्यांचे वय एकसष्ट असून त्या शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्या आहेत. गेली चार वर्षे त्या १९१८ च्या नागपुरावर कादंबरी लिहीत आहेत आणि हस्तलिखित साडेतीनशे पानांवर येऊन अडले आहे. कादंबरीचे मूळ त्यांच्या घरातच आहे. त्यांच्या आजीची थोरली बहीण विधवा होऊन नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात, माहेरी परत आली होती. १९१८ च्या दसऱ्याच्या सुमारास, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ती ‘मानमोडीत गेली’, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत वारली, असे घरात सांगितले जाई. आजी १९८१ मध्ये वारली. तिची पेटी चार वर्षांपूर्वी उघडली, तेव्हा लुगड्याच्या रेशीमकाठाच्या तुकड्यात गुंडाळलेली मनिऑर्डरची तीन कुपने निघाली. १९२४, १९२५ आणि १९२७ सालची ही कुपने आजीच्या सासरच्या पत्त्यावर आलेली आहेत. रक्कम प्रत्येकी दोन रुपये आहे. पाठवणाऱ्याच्या जागी घरातल्या कोणालाही ठाऊक नसलेल्या एका बाईचे नाव आहे. एका कुपनावर कामठीचा शिक्का वाचता येतो, बाकीचे दोन पुसट आहेत, आणि तिन्हींवर एकच ओळ आहे : ‘खुशाल आहे.’

कादंबरीत तीन बायका आहेत : वाड्यातली ही विधवा, आणि नागपूरच्याच टांडापेठेतली एक विणकरीण व इंदोरा वस्तीतली एक सुईण. शेवटी एम्प्रेस मिलला आग लागते आणि त्या आगीत तिघींच्या वाटा एकत्र येतात. आता ताईंना चार गोष्टी अडवतात. पुरावा तीन चिठोऱ्यांपलीकडे नाही. आजीच्या माहेरचे एक्क्याऐंशी वर्षांचे काका ‘घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडू नकोस’ असे बजावतात. आपण जन्माने ज्या समाजातल्या नाही, त्या समाजातल्या सुईणीच्या तोंडी शब्द घालण्याचा आपल्याला अधिकार आहे का, ही टोचणी आहे. आणि त्या बहिणीचे पुढे काय झाले हे कादंबरीत सांगून टाकावे की नाही, हे ठरत नाही.

उत्तर :

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी एका बैठकीत दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात शाईपेक्षा त्या लुगड्याच्या काठाकडेच माझे लक्ष अधिक गेले. माझी आजी उमरेडकडची. कोणी तिचे वय विचारले की ती म्हणायची, ‘मानमोडीच्या साली माझे दुधाचे दात पडत होते.’ आमच्याकडच्या त्या पिढीने साल मोजण्यासाठी ही साथ वापरली, पण त्या सालात घरात काय घडले हे मात्र फारसे सांगितले नाही. तुम्ही ज्या मौनावर लिहीत आहात ते म्हणूनच तुमच्या एकट्या घराचे नाही, आणि या उत्तरातले काही इतर लिहित्या वाचकांच्याही उपयोगी पडेल असे मला वाटते.

तुम्ही पहिला प्रश्न पुराव्याचा ठेवला आहे. ‘मृत्यूची नोंद मिळाली असती तर मी निश्चिंतपणे लिहिले असते,’ असे तुम्ही म्हणता. या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे आणि ते मला तपासून पाहावेसे वाटते. नोंद मिळाली असती तर तिने काय सिद्ध झाले असते? त्या काळी आपल्या मध्य प्रांतात खेड्यातल्या जन्ममृत्यूची वर्दी कोतवाल ठाण्यावर देत असे. आज विदर्भात जातपडताळणीसाठी माणसे तहसील कचेरीत ज्या ‘कोतवाल बुका’ची नक्कल काढायला रांगेत उभी राहतात, ते बुक हेच. शहरातली नोंद नगरपालिकेकडे होई. दोन्हीकडे मृत्यूचे कारण घरचे लोक सांगतील तेच लिहिले जाई आणि कारणांची सदरे मोजकी होती : पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, अपघात, अशी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच सदरात पडले. मग तुमच्या आजीच्या बहिणीच्या नावापुढे ‘ताप’ असे सापडले, तर वाड्यातल्या कोणा पुरुषाने कारकुनाला तसे सांगितले एवढेच त्यातून कळेल. नाव सापडलेच नाही, तरी त्या महिन्यात हजारो मृत्यू नोंदीवाचून राहिले असणार, तेव्हा त्यातूनही काही ठरणार नाही. नक्कल जरूर काढा, पण निवाडा तिच्यावर सोपवू नका.

त्याऐवजी जे हातात आहे ते अधिक बारकाईने वाचा, असा माझा आग्रह आहे. मनिऑर्डर ही गुपचूप येणारी वस्तू नव्हती. पोस्टमन दारात येई, नाव पुकारी, पैसे मोजून देई, सही किंवा अंगठा घेई आणि खालचे कुपन फाडून हाती ठेवी. ज्या घरात पत्र वाचता येणारे माणूस एखादेच असे, तिथे पोस्टमन कुपनावरचा मजकूर मोठ्याने वाचूनही दाखवी. तुमची आजी १९२४ मध्ये सासरी नांदणारी बावीस-तेवीस वर्षांची सून होती. सुनेच्या नावाने दोन रुपये आले आणि ते सासू-सासऱ्यांच्या लक्षात आले नाहीत, असे एकत्र कुटुंबात होणे कठीण आहे. म्हणजे तुमच्या आजीच्या सासरी निदान एका माणसाला हे ठाऊक होते आणि त्याने ते चालवून घेतले. ते माणूस कोण असेल? मला विचाराल तर तुमच्या कादंबरीतली चौथी बाई तिथे, त्या ओसरीवर उभी आहे आणि तुम्ही तिला अजून पाहिलेले नाही.

दुसरी गोष्ट पत्त्याची. कुपने सासरच्या पत्त्यावर आली आहेत. आजीचे लग्न १९१८ च्या आधी झाले असेल, तर बहिणीला तो पत्ता ठाऊक असणे साहजिक आहे. लग्न साथीनंतर झाले असेल, तर मात्र ज्या वाड्यात ती मेली असे सांगितले जात होते, त्याच वाड्यातून कोणीतरी तिला धाकट्या बहिणीच्या लग्नाची बातमी पोचवली असली पाहिजे. लग्नाचे साल तुम्ही पत्रात दिलेले नाही. कुळाच्या उपाध्यायांकडे, लग्नपत्रिकेच्या जुन्या प्रतीत, निदान थोरल्या आत्यांच्या जन्मसालावरून मागे मोजून ते काढा. हा एक आकडा तुमच्या कथानकाला सगळ्या अभिलेखागारापेक्षा जास्त वळण देईल.

हे सगळे मी अशासाठी लिहिते की ‘ती कुठे गेली’ हा तुमच्या कादंबरीचा प्रश्न आहे असे तुम्ही धरून चालला आहात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. कामठी नागपुरापासून दहा मैलांवर आहे, मध्ये रेल्वे आहे, आणि १८२१ पासूनची ती छावणी असल्यामुळे तिथे दवाखान्यापासून धुलाईपर्यंत परक्या बाईला पोट भरता येईल अशी कामेही होती. ती तिथे गेली असेल तर ‘कसे जगली’ याची उत्तरे तुम्हाला सहज सुचतील. जे सहज सुचत नाही ते असे की दहा मैलांवर बहीण जिवंत आहे हे ठाऊक असताना तुमची आजी दर सर्वपित्रीला तिच्या नावाचे पान वाढलेले पाहत राहिली. तेसुद्धा एकदा नाही, जवळजवळ साठ वर्षे. ती गप्प का राहिली, आणि गप्प राहायचे होते तर कुपने चुलीत का घातली नाहीत, हे रहस्य पानोपानी टिकणारे आहे. शेवटच्या प्रकरणात ते फोडावे लागत नाही आणि न फोडल्याने वाचकाची फसवणूकही होत नाही. तुमच्या चौथ्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आले.

आता आपत्तीकडे येते, कारण इथे मला तुमच्याशी स्पष्ट मतभेद नोंदवायचा आहे. गिरणीची आग काढून टाका. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. जुम्मा तलावाशेजारच्या त्या आवारात ज्यांच्या दोन-तीन पिढ्या राबल्या अशी माणसे आज नागपुरात आहेत आणि तुमचे पहिले वाचकही तीच असतील. प्रत्यक्ष नाव असलेल्या गिरणीत, प्रत्यक्ष सालात, घडल्याचा आधार नसलेली आग लावली, की त्यांचा तुमच्या बाकीच्या पानांवरचाही विश्वास जाईल. हे एक कारण. त्याहून मोठे कारण असे की तुमच्या कथानकाला दुसऱ्या आपत्तीची गरजच नाही. आग तुम्ही आणलीत, कारण साथ तुम्हाला पार्श्वभूमी वाटली. ती पार्श्वभूमी नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत आलेली पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरपासून दुसरी उसळली आणि रेल्वेच्या वाटेने देशभर गेली. मुंबईकडून येणारी जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि कलकत्त्याकडे जाणारी बंगाल-नागपूर, या दोन्ही रेल्वे आपल्या शहरात भेटत होत्या. मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता. त्या वेळच्या अंदाजाने हिंदुस्थानात सुमारे सव्वा कोटी माणसे गेली. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा पावणेदोन कोटींच्या आसपास नेला. आजच्या भारताच्या सीमांत मोजली तर १९२१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली, आणि खानेसुमारीच्या इतिहासात असे त्या एकाच दशकात झाले.

या आकड्यांपेक्षा तुमच्या कामाचे आहे ते असे. या साथीत वीस ते चाळीस वयाची, धडधाकट माणसे अधिक गेली आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका अधिक दगावल्या, हे त्या वेळच्या खानेसुमारीच्या अहवालानेही नोंदवले आहे. ज्या उशाशी बसत होत्या, पाणी भरत होत्या, उष्टी भांडी उचलत होत्या, त्याच आजारी पडल्या आणि त्यांच्या उशाशी बसायला कोणी उरले नाही. त्यात त्या वर्षी पाऊस लवकर ओढला, खरीप बुडाले आणि धान्य महागले. तेव्हा तुमच्या तिघी एकत्र कशा याव्यात याचे उत्तर आगीत शोधण्याऐवजी पाण्याच्या घागरीत, ज्वारीच्या भावात आणि बाळंतिणीच्या खोलीत शोधा.

याचे धागेदोरे तुमच्याच पत्रात आहेत. ‘वाड्यात थोडीफार सावकारी होती’ असे एक ओझरते वाक्य तुम्ही लिहिले आहे आणि लगेच पुढे गेला आहात. परत मागे या. टांडापेठेतला विणकर सूत उधारीवर घेई आणि लुगडी गेल्यावर फेडी, ही त्या धंद्याची रीत होती. माग घरात असे. पुरुष विणत आणि बायका-मुले कांड्या भरणे, खळ लावणे अशी अर्धी कामे करीत. १९१८ च्या आश्विनात कर्ता विणकर चार दिवसांच्या तापात गेला, मागावर अर्धवट लुगडे तसेच राहिले आणि कर्ज वाड्यात आहे. ते लुगडे पुरे करून विकायचे की सुतासकट सावकाराच्या पदरात घालायचे, हा त्या विणकरणीचा प्रश्न जगण्या-मरण्याचा आहे. वाड्यातली विधवा लिहिणे-वाचणे शिकलेली आहे असे तुम्ही दाखवलेच आहे. घरातले कारभारी पुरुष अंथरुणाला खिळल्यावर त्या महिन्यात खातेवही तिच्याकडे आली, तर? ती वही उघडणे, त्या विणकरणीच्या नावापुढचा आकडा वाचणे आणि त्याचे काय करायचे ते ठरवणे, या एका दृश्याने दोन आयुष्ये कायमची जोडली जातील, आणि योगायोग कुठेही लागणार नाही. आजीच्या पेटीतल्या कुपनांभोवतीचा रेशीमकाठ कुठून आला, हेही मग तुम्हाला वेगळे सांगत बसावे लागणार नाही.

सुईणीबद्दलची तुमची टोचणी मला मोलाची वाटते, आणि ‘लेखकाला सगळे माफ असते’ असे म्हणून ती मी पुसणार नाही. अधिकार जन्माने मिळत नाही, तसा नुसत्या सहानुभूतीनेही मिळत नाही. तुमच्या पत्रातल्या सारांशात ही सुईण तीन प्रसंगी येते आणि तिन्ही प्रसंगी ती विधवेला मदत करते : एकदा औषध आणते, एकदा निरोप पोचवते, एकदा दार उघडते. तिची स्वतःची मुले कुठे आहेत? त्या महिन्यात तिच्या वस्तीत किती घरे रिकामी झाली? वाड्यात तिला कोणत्या दाराने येऊ देत, बाळंतपण आटोपल्यावर ती उठली की ती बसलेल्या जागेवर काय शिंपडत, आणि हे तिला दिसत असताना तिच्या मनात काय चाले? जोवर ती दुसऱ्याच्या गोष्टीतली किल्ली आहे, तोवर तुमची टोचणी बरोबर आहे. ज्या दिवशी तिला असे काही हवे असेल जे विधवेच्या हिताविरुद्ध जाते, त्या दिवशी ती माणूस होईल. कुपनावरचे परके नाव तुम्ही तिला दिले आहे. मग तीन वेळा दोन रुपये आणि एक ओळ पाठवण्याचा त्रास तिने का घेतला असेल? कृतज्ञता, स्नेह, वचन, की तो पैसा विधवेचाच होता आणि पत्ता लपवण्यासाठी नाव तेवढे हिचे? प्रत्येक उत्तराने कादंबरी वेगळी होते. सर्वात गोड उत्तर निवडण्याची घाई करू नका.

तिला केवळ सोसणारी बाई करू नये, याला आपल्या शहराच्या इतिहासातच आधार आहे. जाईबाई चौधरी १८९२ मध्ये उमरेडला, अस्पृश्य गणल्या गेलेल्या घरात जन्मल्या. त्यांनी नागपुरात हमाली केली, शिकल्या, आणि १९२२ मध्ये मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. मे १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत समाजाची अखिल भारतीय परिषद नागपुरात भरली. साथीनंतर जेमतेम दोन-चार वर्षांतल्या या गोष्टी आहेत. तुमची सुईण याच हवेत श्वास घेत होती. मात्र परिषद, त्याच वर्षीच्या डिसेंबरातले काँग्रेसचे अधिवेशन, असे सगळे कादंबरीत कोंबण्याचा मोह आवरा. तिच्या बोलण्याच्या ताठपणात ते उतरले म्हणजे पुरे. आणि ती प्रकरणे छापण्यापूर्वी त्या समाजातल्या दोन-तीन जाणत्या वाचक स्त्रियांना वाचायला द्या. त्यांचे मत तुमच्या बाजूने यावे म्हणून देऊ नका. त्या ज्या वाक्याशी थांबतील त्या वाक्यावर खूण करून घ्यावी, म्हणून द्या.

भाषेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी पत्रासोबतचे तीन संवाद पाहून राहवत नाही. विणकरीण आणि सुईण वऱ्हाडी-नागपुरी बोलतात आणि वाड्यातली विधवा पुस्तकी, जवळजवळ पुण्याची मराठी. असे करू नका. तुमची आजी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणत होती की नव्हती, ते आठवा. नागपूरच्या वाड्यांमधूनही इथलीच बोली नांदत होती. लहेजा थोडा निराळा, एवढेच. प्रमाण भाषा एकीला दिली की शहाणपणही नकळत तिलाच दिले जाते.

तिघींच्या वयाकडेही एकदा पाहा. १९१८ मध्ये बावीस म्हणजे तुमच्या आजीची बहीण १८९६ ची, आणि १८९६-९७ हे आपल्या मध्य प्रांतात दुष्काळाचे वर्ष होते. लगेच १८९९-१९०० चा, त्याहून व्यापक दुष्काळ आला. पुढे प्लेग आला. म्हणजे या बायका आपत्तीला नवख्या नव्हत्या. प्लेगात उंदीर पडू लागले की गाव सोडून झोपड्यांत जायचे, हे शहाणपण घराघरात होते. मानमोडीने ते निकामी केले, कारण ती माणसांबरोबरच चालत होती. गावी पळालेला माणूस ती गावात घेऊन जात होता. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात वाड्यातली मंडळी गाव सोडून जाण्याचा बेत करतात आणि मग तो बेत तुम्ही अर्धवट सोडला आहे. तो पुरा करा. निम्मी मंडळी गेली, तापकऱ्यांजवळ विधवेला ठेवून गेली, आणि परत आली तेव्हा ती नव्हती : ‘मानमोडीत गेली’ हे वाक्य पहिल्यांदा उच्चारले जाण्यासाठी याहून सरळ परिस्थिती मला सुचत नाही. एरवी तरुण विधवा घरातून नाहीशी झाली असती तर गल्लीने, जातीने, पोलिसाने शंभर प्रश्न विचारले असते. त्या आश्विनात कोणीही कोणालाही काही विचारीत नव्हते. आपत्ती आणि रहस्य यांचा सांधा तुम्ही शोधत होता ना? तो हा आहे.

काळाची चौकटही हाताशी ठेवा. १९१८ मध्ये सर्वपित्री ऑक्टोबरच्या आरंभी आली, दसरा त्याच महिन्याच्या मध्यावर आणि दिवाळीची अमावास्या ३ नोव्हेंबरच्या सुमारास. ११ नोव्हेंबरला महायुद्ध थांबले. आपल्याकडे साथीचा कहर नेमका या पाच-सहा आठवड्यांतला. पितरांना पान वाढण्यापासून आकाशकंदील न लावलेल्या दिवाळीपर्यंत तुमचे निम्मे पुस्तक बसू शकते आणि सध्या अकरा वर्षांवर पसरलेले कथानक आवळले जाईल. उरलेल्या वर्षांना तीन मनिऑर्डरी पुरेत.

शोधासाठी वेळ ठरवून घ्या. सहा महिन्यांच्या वर देऊ नका, कारण शोध हा न लिहिण्याचा फार प्रतिष्ठित बहाणा होऊ शकतो. राज्य पुराभिलेखाच्या नागपूर शाखेत मध्य प्रांताचे कागद आहेत. तिथे जाताना ‘साथीविषयी काही’ असे मागू नका. आरोग्य खात्याचा १९१८ चा वार्षिक अहवाल, १९२१ च्या खानेसुमारीचा मध्य प्रांताचा खंड, १९०८ चे नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर, अशी नेमकी नावे घेऊन मागा. वृत्तपत्रांपैकी ‘हितवाद’ १९११ पासूनचा आणि गोपाळराव ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’ १९१४ पासूनचा. त्या ऑक्टोबरचे अंक जिथे मिळतील तिथे बातम्यांआधी जाहिराती वाचा. औषधांच्या, धान्याच्या, कापडाच्या जाहिराती आणि बाजारभाव यांतून त्या आठवड्यांतले शहर जितके कळते तितके अग्रलेखातून कळत नाही. सीताबर्डीवर त्या काळी बायकांसाठी मिशनचा जनाना दवाखाना होता. तिथली दारे, वेळा, परिचारिकांचे कपडे हे मिशनच्या वार्षिक वृत्तांतांतून मिळू शकेल. आणि एक दिवस कामठीला जा. कागदासाठी जाऊ नका. स्टेशनात उतरून छावणीपर्यंत पायी चाला, किती वेळ लागतो ते पाहा. सोवळ्या बाईच्या अंगावर आलवण, म्हणजे विधवेचे तांबडे लुगडे, आणि डोक्यावर पदर असताना ते अंतर किती वाटले असेल, हे त्याशिवाय लिहिता येणार नाही.

आता काकांकडे येते. हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तुम्हाला हाच सगळ्यात जड जातो आहे, हे पत्रातल्या खोडाखोडीवरून दिसते. ‘त्यांची परवानगी घ्यावी का?’ असे तुम्ही विचारता. परवानगी हा शब्द इथे बसत नाही. नावे, आडनाव, वाड्याची ओळखीची खूण, गल्ली, व्यवसायाचा तपशील तुम्ही बदला. ते तुमचे कर्तव्य आहे आणि ते काकांना आधीच, शब्द देऊन सांगा. कुपनावरचे त्या परक्या बाईचे नाव तर कुठेही वापरू नका. तिचीही नातवंडे असतील. एवढे केल्यावर लिहिण्याचा निर्णय तुमचा आहे. पण काकांचा विरोध केवळ अब्रूसाठी आहे, हे तुम्ही कसे ठरवले? ते १९४४ च्या आसपास जन्मले. त्यांनी या आत्याला पाहिलेले नाही. जे ऐकले ते वडिलांकडून. त्यांच्या वडिलांचे वय १९१८ मध्ये दहा-अकरा असेल. दहा वर्षांच्या मुलाला, ज्या बहिणीने त्याला अंगाखांद्यावर खेळवले, ती गेली असे सांगितले गेले, आणि त्याने तिचे श्राद्ध आयुष्यभर मनोभावे केले. तुमची कादंबरी काकांच्या दृष्टीने घराण्याला खोटे ठरवते एवढेच नाही. ती त्यांच्या वडिलांच्या दुःखाला खोटे ठरवते. हे त्यांनी बोलून दाखवले नसेल, कदाचित स्वतःशीही नाही, पण ‘अब्रू’ हा शब्द आपल्याकडे अशा पुष्कळ गोष्टी झाकायला वापरतात.

म्हणून त्यांच्याकडे हस्तलिखित घेऊन जाऊ नका. साडेतीनशे पाने समोर ठेवली की माणूस होकार-नकाराच्या भाषेत बोलू लागतो. कुपने घेऊन जा, त्या लुगड्याच्या तुकड्यासकट. तुमच्या पत्रावरून दिसते की त्यांनी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाहीत, तुम्ही फोनवर फक्त सांगितलीत. दुपारी जा, घरात फार माणसे नसताना. त्यांच्या हातात द्या आणि वाचायला सांगा. चष्मा शोधायला वेळ लागला तर लागू द्या. त्यानंतर कादंबरीविषयी एक शब्दही न काढता एवढेच विचारा की त्यांचे वडील या बहिणीविषयी काय सांगत असत, ती कशी हसायची, काय करून खाऊ घालायची, तिला काय म्हणून हाक मारायचे. ते बोलले नाहीत तर चहा घेऊन परत या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. तिला घरात हाक कशी मारीत, हे ठाऊक असेल असे माणूस आता बहुधा ते एकटेच उरले आहेत, आणि तुमच्या साडेतीनशे पानांत मला तिचे हाकेचे नाव कुठेही दिसले नाही.